ट्रॅकसूटवरचं नाव

५ जानेवारी
टूर्नामेंटचा फायनल डाव रविवारी, वाशीमले. आता दोघंच उरलो, मी अन् मानोऱ्याचा भाऊसिंग. तो एसटीत कंडक्टर आहे. जो जिंकला तो जिल्ह्याकडून नागपूरले खेळाले. म्हणजे मीच. ट्रॅकसूट शिवायले टाकला. पाठीवर मोठ्या अक्षरात ‘जगदेव, वाशीम जिल्हा’. बायको म्हणे, आधी जिंका तर खरं. ज्योत्स्नाले बुद्धिबळातलं काय समजते!

८ जानेवारी
आमच्या क्लबात डावाचं घड्याळ नाई. मोहऱ्याले आधी हात लावाचा, मग विचार कराचा, अशी पद्धत. फायनलले मात्र घड्याळ असते, अन् हात लावला की तेच मोहरं चालवा लागते. म्हणून संकल्प: चाल झाली की दोन्ही हात सरळ खिशात. ऑफिसात दिवसभर प्रॅक्टिस केली. साहेबानं विचारलं, थंडी वाजून राह्यली काय?

११ जानेवारी, संध्याकाळी
लिहाची इच्छा नाई. पण डाव माझाच होता! माझा एक हत्ती जास्त. अठराव्या चालीले घोडा असा टाकला की भाऊसिंग गारच पडला. मी हात खिशात घातले. तो काही चालेच ना. पाच मिनिटं झाले, दहा झाले. छताकडं पाहे, मिशीवर हात फिरवे, मधूनच मले डोळ्यानं घड्याळ दाखवे. टाइम संपत आला म्हणून घाबरला असन बिचारा. मी हसून धीर दिला.
मग पंच आले अन् म्हणे, भाऊसिंग जिंकला.
घोडा टाकल्यावर मी घड्याळाचं बटनच दाबलं नोतं. तेवढा सारा टाइम माझाच गेला. पंचाले म्हटलं, माये हात खिशात होते ना! ते म्हणे, तेच तर.

१२ जानेवारी
ज्या खेळात बटन दाबा लागते त्याले बुद्धी लागत नाई. बुद्धिबळ सोडलं. खरं सांगतो, जेवण गेलं नाई.
दुपारी ४: क्लबात गेलो, सहज. सारे हात खिशात घालून बसले होते. हरामखोर.

१६ जानेवारी
भाऊसिंग घरी आला. नागपूरले ट्रॅकसूट कंपल्सरी, अन् शिवायले वेळ नाई. ज्योत्स्नानं माझाच देऊन टाकला, मले न विचारता. त्याले बरोबर बसला. ज्योत्स्ना त्याले म्हणे, नाव उसवू काय? मी मोठ्या मनानं म्हटलं, राहू दे. पेपरात नागपूरच्या खेळाडूंचा फोटो येतेच. पाठमोरा आला, तर जिल्हाभर नाव माझंच.

२० जानेवारी
फोटो आला. समोरून.