गांधीलमाशीचा पत्ता

धायरी, ६ मे

ती. कांताआत्यास,
आयुषचा सविनय जयभीम. वि. वि.

तू लेकीच्या सासरी, तिथे फोन वाजला की बाळ उठतं म्हणालीस, म्हणून पत्र. रतनमामांची इथे घरी रोज फेरी असतेच, आज तुझे कपडे न्यायला आलेत, त्यांच्या हाती देतोय.

गांधीलमाशी सापडली! काळी, कंबर दोऱ्याएवढी, एकटीच येते. खिडकीच्या चौकटीवर चिखलाचं घर बांधतेय. चिखल आणते कुठून बघायला मागे गेलो, तर टँकरवाल्याशी गप्पा लागल्या. तो लोणी काळभोरचा निघाला, शुक्रवारी मळ्यात बोलावलंय. असो. गेल्या वर्षी चावली तेव्हा पूर्वाताईचा श्वास अडकला होता, आणि परत चावली तर जिवावर बेतेल असं डॉक्टर म्हणाले होते, हे विसरलो नाही. रविवारी ती बाळाला घेऊन माहेरी यायच्या आत झाडूनं घर पाडतो.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढला की कामं वाढतात.
आयुष

खडकी, ७ मे

चि. आयुष यास अनेक आशीर्वाद.

झाडू खाली ठेव. ती कुंभारीण आहे. बिचारी चिखल थापते, हातात धरल्याशिवाय सहसा चावत नाही. गांधीलमाशी पिवळसर-तांबडी, उडताना लांब पाय खाली लोंबतात. तिचं घर राखाडी, कागदासारखं, छोट्या छत्रीगत टांगलेलं. दिसलं तर काठी नको, धूर नको, हातवारे नकोत. सावकाश मागे हो.

उन्हाळ्यात त्या पाण्यावर येतात. गॅलरीत बशीभर पाणी ठेव, लांब बस आणि परत कुठे जातात ते बघ. चहा संपेपर्यंत एका जागी न बसणाऱ्याला हे सांगतेय, चूक माझीच. मामा बसले असते, पण त्यांना हल्ली सगळ्या माश्या सारख्याच दिसतात.

आमचा लोभ न मागता मिळतो, जपून वापर.
तुझी आत्या

धायरी, ९ मे

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

काल दीड तास बसलो. शपथ! एकदाच उठलो, समोरचे दोरीनं कपाट वर चढवत होते, हात लावायला. मग एक आली, पाय लोंबकळणारी. पाणी प्यायली आणि सरळ कोपऱ्यात, चादरीत गुंडाळलेल्या पाळण्याखाली. लांबूनच वाकून पाहिलं. घर होतं, वर सात जणी. आत्या, तो पाळणा मी उद्या ताईच्या खोलीत टांगणार होतो.

हात लावला नाही. गॅलरीचं दार लावून खालच्या मालनबाईंकडे गेलो. त्यांच्या ओळखीचा माश्यांची पोळी काढणारा माणूस आज अंगभर जाळी घालून आला, सगळं काढून नेलं. मी कुठेही चावून घेतलेलं नाही. पाळणा गरम पाण्यानं धुतला, उलटा करून पाहिला, परत पाहिला. टँकरवाल्याला येत नाही म्हणून कळवलं.

आता लोभ वाढला तरी चालेल.
आयुष

खडकी, ९ मे

चि. आयुष यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्यानं वाचत होते. पाळण्यापर्यंत आले आणि पूर्वानं बाळाला छातीशी ओढलं. मला वाटलं, आता यायचं रद्द. मग वडिलांना, तुझ्या मामांना, म्हणाली, रिक्षा रविवारची कशाला, उद्याचीच सांगा. आयुष आहे ना तिथे.

दहापर्यंत पोचतो. कुठे भटकू नकोस, दार तूच उघड.

लोभ आहे. सांगायची आमच्यात पद्धत नाही, पण आज सांगते.
तुझी आत्या