आठवी आवृत्ती मी घेणार नाही

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज ठरलं. ऑपरेटिंग सिस्टिमची आठवी आवृत्ती घ्यायची नाही. सगळं जग घेऊ दे.

संगणकवाला सकाळीच आला आणि प्रेसमधल्या एकेका मशीनवर आठवी टाकत सुटला. माझ्या टेबलापाशी पोचला तेव्हा मी मॉनिटरवर हात ठेवून उभा. सांगितलं, इथे सातवी आहे आणि सातवीच राहील. तो म्हणाला, सातवीला आता कोणी वाली नाही, कंपनीनेच तिला वाऱ्यावर सोडलंय. मी म्हटलं, मी आहे वाली. तो चहा प्यायला निघून गेला.

पहिली फेरी जिंकली.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

आठवीबद्दलचं माझं निःपक्षपाती मत. (अजून वापरलेली नाही, त्यामुळे मतावर वापराचा परिणाम झालेला नाही.)

खिडक्यांचे कोपरे गोल केलेत. का? कोणाला टोचत होते? मेनू खाली होता तो वर नेला. उद्या छतावर नेतील. चूक झाली की पूर्वी खणखणीत ठण्ण वाजायचं, माणूस दचकायचा, सुधारायचा. आता पाण्यात गोटी पडल्यासारखा आवाज येतो. चूक केल्याबद्दल कौतुक केल्यासारखं वाटतं.

शेजारच्या टेबलावरची उत्साही (नाव मी ठेवलंय, तिला माहीत नाही) म्हणाली की सातवी आली तेव्हाही तुम्ही सहावीसाठी असाच दंगा केला होता म्हणे. कोणी सांगितलं विचारलं, तर साहेबांनी. साहेबांना अर्धवट आठवतं. सहावीसाठी मी लढलो हे खरं, पण सहावी खरोखर चांगली होती. सहावी आली तेव्हा ती टाकाऊ आहे आणि पाचवीपुढे काही नाही असं मी लेखी दिलं होतं, पण तो मुद्दा वेगळा.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

महत्त्वाची बातमी. साहेब, म्हणजे आमच्या डिझाइन विभागाचे प्रमुख, मार्चअखेर निवृत्त होताहेत. त्यांची काचेची खोली रिकामी होणार. आत फिरती खुर्ची, खिडकी, आणि दार. दार लावता येतं, हे सगळ्यात मोठं.

आम्ही लेबलं छापतो. शाम्पू, रंगाचे डबे, औषधाच्या बाटल्या. अठरा वर्षांत माझ्या हातून गेलेल्या लेबलात एक काना इकडचा तिकडे झालेला नाही. खोली माझीच. दुसरं आहेच कोण? उत्साही? ती सहा वर्षांपूर्वी आली, आणि नवीन काही दिसलं की आधी दाबून बघते.

बायकोला सांगून टाकलं. तिने विचारलं, मालक स्वतः म्हणाले का? मी म्हटलं, काही गोष्टी म्हणायच्या नसतात. तिने माहेरी फोन केला.

सोमवार, १३ फेब्रुवारी

काल सासूबाई आल्या होत्या. जावई प्रमुख होणार म्हणून मला दोनदा वाढलं. मग पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. त्यावर आठवी!

मी समजावलं. कोपरे, मेनू, गोटी. त्या म्हणाल्या, मला बाई आवडली, अक्षरं मोठी दिसतात, आणि पूर्वी तुम्हाला फोन करून विचारावं लागायचं ते आता लागत नाही.

जेवण गोड लागलं नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

वापरकर्त्यांच्या मंचावर नाव नोंदवलं. तिथे लोक आवृत्त्यांवर मतं देतात आणि तारे लावतात. आठवीला एकच तारा दिला. शून्याची सोय नाही, तीसुद्धा तक्रार लिहिली. एका माणसाने लिहिलं होतं, आठवी छान आहे, काम पटकन होतं. त्याला उत्तर दिलं की पटकन झालेलं काम आणि चांगलं काम यात फरक असतो. त्यावर त्याने अंगठा दाखवला. म्हणजे पटलं.

संकल्प: रोज एक मत.

सोमवार, २० फेब्रुवारी

स्क्रीनवर पाटी आली. २८ तारखेला आठवी आपोआप चढेल. खाली दोनच बटणं: ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ‘कधीच नाही’ हे बटण नाही! माणसाला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

संगणकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मालकांचा हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही. त्याच्या हातात त्या वेळी माझं बिस्किट होतं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

जमलं! इतकं सोपं होतं. कोणाला सुचलं नाही कारण कोणाला अठरा वर्षांचा अनुभव नाही.

आठवी २८ तारखेला येणार. बरं. मग २८ तारीख येऊच द्यायची नाही. नेटची वायर काढली आणि संगणकाचं घड्याळ मागे नेलं. एक-दोन दिवस नाही, चांगली दोन वर्षं. त्या काळात आठवीचा जन्मसुद्धा झाला नव्हता. आता बसा वाट बघत.

मी ही रोजनिशी याच मशीनवर डब्याच्या सुट्टीत लिहितो आणि तारीख-वार मशीनच घालतं. उद्यापासून वार चुकीचा पडेल. हरकत नाही. लढाई म्हटली की थोडी गैरसोय आलीच.

सोमवार, १ मार्च (बाहेर बुधवार)

२८ गेली. आठवी आली नाही. सातवी झोकात चालू आहे. मला तर ती जरा तरुण झाल्यासारखी वाटते.

वायर काढल्यामुळे मंचावर जाता येत नाही. डब्याच्या सुट्टीत उत्साही हात धुवायला जाते तेव्हा तिच्या मशीनवरून मत दिलं: आठवीवर काहीही लिहिणं अशक्य आहे. चार परिच्छेद झाले. तिचं मशीन आठवीवर आहे, पण शत्रूची तोफ शत्रूवरच वळवायला हरकत नसते.

गुरुवार, ११ मार्च

आज खोलीबद्दल मालकांशी बोलणं होतं. गुरुवारी या म्हणाले होते. इस्त्रीचा शर्ट. बूट पुसले. बायकोने दारात दोनदा सांगितलं की आवृत्तीचा विषय काढू नका.

मालकांच्या केबिनला कुलूप. शिपाई म्हणाला, आज शनिवार, मालक शनिवारी येत नाहीत. गुरुवारी तुमची तासभर वाट बघितली, मग तुमच्या शेजारच्या बाईंनाच आधी बोलावलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात बघून दिवस धरला होता मी. यात सातवीची चूक नाही. तिला जे सांगितलं तेच ती दाखवते. आजकाल इतका प्रामाणिकपणा कुठे मिळतो?

सोमवारी मालकांना पोट बिघडलं होतं असं सांगायचं.

शनिवार, १३ मार्च (सोमवार)

पोट चाललं. मालकांनी उलट चौकशी केली. मग म्हणाले, अनुभव तुमचाच जास्त आहे, मी तुमच्याच बाजूचा आहे, फक्त साहेब जाईपर्यंत काही गडबड नको. आवृत्तीचा विषय मी काढला नाही. म्हणजे निघताना दारात काढला, पण थोडक्यात.

मोठं काम आलंय. खोकल्याच्या औषधाचं लेबल, घाईचं. मी बसवलेली एक युक्ती आहे: उत्पादनाची तारीख आणि मुदत लेबलात हाताने भरावीच लागत नाही, संगणकाच्या घड्याळावरून आपोआप येते. त्यामुळे तारखेत चूक होणंच शक्य नाही. बाकी मजकूर तीनदा वाचला. एका अनुस्वारासाठी औषधवाल्यांना फोन केला. तपासणीची सही केली आणि फाइल छपाईला दिली.

असं काम असतं. उत्साहीने अनुस्वार पाहिलासुद्धा नसता.

शनिवार, २७ मार्च (सोमवार)

प्रेसमध्ये हलकल्लोळ. खोकल्याचं औषध बाटल्यांत भरलं, लेबलं चिकटली, खोकी दुकानदारांकडे गेली, आणि पहिल्याच दुकानदाराने ती परत धाडली. लेबलाप्रमाणे औषध दोन वर्षांपूर्वी तयार झालं आणि याच महिन्यात त्याची मुदत संपली. बाटलीत शिरायच्या आधीच बाद. औषधवाले मालकांवर फोनवरून असे ओरडत होते की आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

मी शांत. मला लगेच कळलं हा प्रताप कोणाचा. आठवीचा!

रविवार, २८ मार्च (मंगळवार. कामावर आहे)

मीटिंग. मी उभा राहून बोललो. म्हटलं, महिन्याभरापूर्वी मी सावध केलं होतं. छपाईच्या मशीनवर आठवी आहे, फाइल तिथून गेली, तिने तारीख खाल्ली. सातवी असली चूक करूच शकत नाही. छपाईवाला म्हणाला, फाइल जशी आली तशी छापली. मी म्हटलं, तुला तसं वाटतं, तेच तर तिचं कसब आहे. मालक विचारात पडले. उत्साही काहीतरी बोलणार होती, माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघून गप्प बसली. हरल्यावर माणूस गप्पच बसतो.

तिच्या मशीनवरून मंचावर टाकलं: आठवी तारखा खाते. धडाधड उत्तरं! एकाची लग्नाची तारीख हलली म्हणे. एकाने मला आपला नेता म्हटलं. अठरा वर्षांत प्रेसमध्ये मला कोणी असं म्हटलं नाही. खरं सांगायचं तर डोळे भरून आले.

सोमवार, २९ मार्च (बुधवार)

संगणकवाला तपासायला आला. छपाईचं मशीन पाहिलं. ठीक. मग माझ्यापाशी आला. कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं आणि मालकांना हाक मारली. सगळे जमले. आणि तेव्हा, त्या बोटाकडे बघताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटाचं कारण पुन्हा चालेल का, असं वाटून गेलं.

पण संगणकवाला भला माणूस. म्हणाला, मशीन जुनं झालं की आतली बॅटरी मरते आणि घड्याळ आपसूक मागे जातं, यात कोणाचा दोष नाही. उत्साही घाईघाईने म्हणाली, हो हो, बॅटरीच, आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मालकांनी सुस्कारा सोडला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, औषधवाल्यांना मी हेच सांगतो. खोलीचंही उद्या जाहीर करून टाकू, तुमच्याच नावाने.

मान हलवायची होती. तेवढंच काम होतं. मी हलवायला घेतलीही होती.

एवढ्यात संगणकवाल्याने मशीनवर थोपटलं आणि म्हणाला, थकलं बिचारं, भ्रमिष्ट झालंय.

भ्रमिष्ट!

मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल. बॅटरी गेल्याच वर्षी मी स्वतः बदललीय, ठणठणीत आहे. हे घड्याळ एका सेकंदाने चुकत नाही. ते मागे आहे कारण मी मागे नेलंय. या हाताने. बरोबर दोन वर्षं, एका दिवसाचीही गल्लत नाही. आणि कसं नेलं तेही करून दाखवलं, मालकांना नीट दिसावं म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवून.

मालकांनी खांद्यावरचा हात काढला. उत्साहीने कपाळाला हात लावला.

मुद्दा म्हणून मी अजूनही बरोबर आहे. मशीन निर्दोष सुटलं.

मंगळवार, ३० मार्च (गुरुवार)

काल घरी सगळं सांगितलं. वाटलं होतं बायको चिडेल. ती चिडली नाही. म्हणाली, अहो, नुसती मान हलवायची होती ना? रात्रभर तेच ऐकू येत होतं.

सासूबाईंचा फोन आला होता. तो मी घेतला नाही.

दुपारी मशीन न्यायला येणार आहेत. मी विरोध करणार आहे. पाठीला चमक असल्यामुळे बसून करीन.

सोमवार, १० एप्रिल

नवं मशीन. आठवी. वार बरोबर पडलाय.

उत्साही काचेच्या खोलीत बसते. दार लावत नाही. आज तिने बोलावलं. वाटलं, काहीतरी अवघड अडलं असणार, अनुभव लागणार. तयारीने गेलो. तिला दारावर लावायला पाटी हवी होती. नाव आणि खाली ‘विभागप्रमुख’. संकोचून म्हणाली, दुसऱ्या कोणाकडूनही करून घेईन, तुम्हाला नको असेल तर. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला दोन अक्षरांमधलं अंतर कळतं का?

जागेवर येऊन बसलो. मेनू वर होता तो लगेच सापडला. तिचं नाव टाइप केलं, अक्षरं मोठी केली, अंतर साधलं, कोपरे गोल केले, तिला तसे आवडतात. सातवीत या कामाला दुपार गेली असती. इथे चहा निवायच्या आत झालं. छापून आणलं, दारावर मीच चिकटवलं, सरळ. मागे सरकून पाहिलं. चांगलं दिसत होतं.

आठवीत काम लवकर होतं. हे मत मी मंचावर देणार नाही.