गाळातले लाल धागे

ती. आईस, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमचं काम तुला माहीतच आहे. तळ्याच्या तळाचा गाळ नळीने काढायचा आणि प्रत्येक थरातले प्लास्टिकचे कण मोजायचे. जितकं खोल, तितकं जुनं. परवा पार पणजीच्या काळातल्या थरात लाल धागे सापडले. तेव्हा कुठलं आलंय प्लास्टिक! आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी आधी धागे पाहिले, मग मला. "अगं, हे तुझ्या स्वेटरचे!" म्हणजे तू विणलेल्या स्वेटरचे. सगळ्या नमुन्यांत ते माझ्या अंगावरून गळलेले; दोन महिन्यांचं काम वाया गेलं.

वाईट वाटून घेऊ नकोस. दुकानदाराने लोकर म्हणून प्लास्टिक गळ्यात मारलं, तुला काय ठाऊक?

स्वेटर धुवायला घेतला आणि हात थांबला. धुताना धागे सुटणार, आणि ते पाणीही शेवटी त्याच तळ्यात जातं. फेकला तरी तेच. मॅडमना विचारलं, "मग करू काय?" म्हणाल्या, "मला तरी कुठे कळलंय?"

ताईच्या बाळासाठी त्याच लोकरीचं टोपडं विणतेयस म्हणे. नको, असं लिहिणार होते. पण सुया घेऊन बसलेली तू डोळ्यांसमोर आलीस.

विण, आई. कानांवरून नीट येऊ दे.

तुझीच,
धाकटी