दोष नेटवर्कचाच आहे

३ जून, सोमवार. सकाळी १०.
आजपासून तळमजल्यावरच्या लॅबमधले रक्ताचे रिपोर्ट थेट तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टरीणबाईंच्या स्क्रीनवर. रिपोर्टचे मेसेज घेणारा प्रोग्राम मी एकट्याने लिहिला. हॉस्पिटलला अजून कल्पना नाही त्यांना काय मिळालंय.

दुपारी १.
डॉक्टरीणबाईंचा फोन. दहातले पाचच रिपोर्ट आले. पहिल्याच दिवशी पन्नास टक्के! बाकीचं अर्ध्या तासाचं काम आहे म्हणालो.

दुपारी ४.
अर्धा तास हा ढोबळ अंदाज होता. दोष नेटवर्कचा. नेटवर्कवाल्याला खडसावलं.

४ जून, मंगळवार.
नेटवर्कवाला केबल तपासून गेला. म्हणे सगळं ठीक. ही माणसं चूक कबूल करतील तर शपथ.

न पोचलेले रिपोर्ट लॅबताई छापून वर नेतात. लॅबच्या प्रमुख, रिटायरमेंट जवळ आलेली, गुडघे दुखतात. लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखीव. त्यांना शब्द दिला, उद्यापासून जिना विसरा.

संकल्प: यापुढे प्रत्येक बदल आधी वहीत लिहायचा, मग करायचा.

५ जून, बुधवार.
पासवर्ड बदलला. टाइमआउट वाढवला. प्रोग्राम सहा वेळा बंद करून चालू केला. वहीत लिहायला वेळ कुठे होता?

एक गंमत. क्यू, म्हणजे मेसेज जिथे रांगेत थांबतात ती जागा, रिकामी दिसते. मेसेज तिथे येतात, आणि निम्मे गायब. रिपोर्ट पाठवणारा लॅबचा प्रोग्राम खोटं बोलत असणार. तो मी लिहिलेला नाही, यातच सगळं आलं.

जेवताना बायकोने विचारलं, चूक तुझीच नसेल ना? मी मीठ मागितलं.

६ जून, गुरुवार. सकाळी ११.
लॅबताई कालपेक्षा हळू चालत होत्या. त्यांना धीर यावा म्हणून क्यू समजावली. एक मेसेज एकालाच मिळतो. एकाने उचलला की दुसऱ्याला दिसत नाही. काचपट्टीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "मग दुसरं कोणीतरी उचलत असेल."

हसू आवरलं. म्हटलं, हे इतकं सोपं नसतं.

११.२०.
शनिवारी टेस्टिंगसाठी हाच प्रोग्राम माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लावला होता. जाताना मॉनिटर बंद केला. फक्त मॉनिटर. आतला प्रोग्राम चालूच.

११.२५.
मॉनिटर लावला. गायब झालेले एकशे सत्त्याऐंशी रिपोर्ट. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हणजे माझ्या प्रोग्राममध्ये दोष नव्हताच. सोमवारपासून हेच तर सांगतोय.

लॅबताईंना म्हणालो, मला शंका होतीच. त्यांनी त्यांतला एक रिपोर्ट, काल त्या घरी गेल्यानंतरचा, छापून माझ्या हातात ठेवला आणि जिन्याकडे बोट दाखवलं.

दुपारी १२.३०.
दुसऱ्या मजल्यापर्यंतच दोनदा थांबलो. वर एक आजोबा बूट घालून, बॅग भरून खाटेवर बसलेले. रिपोर्टशिवाय घरी सोडत नव्हते; काल संध्याकाळपासून तसेच ताटकळत. डॉक्टरीणबाईंनी वाचला. सगळं ठीक. सही केली, माझ्याकडे पाहिलं नाही.

आजोबांनी माझा हात धरला. डोळे पाणावले होते. म्हणाले, "त्या कॉम्प्युटरपेक्षा हे बरं. शेवटी माणूस ठेवला त्यांनी."

मग बॅग खाली नेणार का, विचारलं.

नेली.