बुवांचे कान

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. प्रत्यक्षात घातला तर उठवायला माणूस लागेल, कंबर धरली आहे.) आपली तब्येत उत्तम असेल. मामींचीही असेल, कारण त्या ती बिघडू देत नाहीत. पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. उलट आले होते. बुवा आले होते, मामा. आपले बुवा, माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत.

पण आधी कार्यक्रमाचं सांगतो. यंदाही नऊ तास बसने गेलो. बावीस वर्षं जातोय (पहिल्या वेळी तुम्ही ऑफिसात मामी आजारी असल्याचं सांगून मला कॉलेजातून पळवून नेलंत, आणि एवढ्या मोठ्या रॉक गायकाला त्याच्या केसांवरून मामींनी 'बुवा' करून टाकलं ते आजतागायत). कार्यक्रमाआधी एकदा तरी भेटावं म्हणून दुपारपासून मागच्या दाराशी उभा राहिलो. ते दार स्वयंपाकघराचं निघालं. आचाऱ्याने मला हमाल समजून बटाट्याची तीन पोती उतरवून घेतली (कंबर तिथेच गेली), वर चहा पाजला, आणि तेवढ्यात बुवा पुढच्या दाराने आत गेले. मग जागेवर जाऊन बसलो. तुमच्या खुर्चीवर माझी पिशवी होती, सलग तिसऱ्या वर्षी. बुवा हल्ली पुटपुटतात, शब्द खातात, असं म्हणून तुम्ही यायचं सोडलंत. मामा, साठी उलटलेल्या त्या माणसाने पहिल्याच गाण्यात असा आवाज लावला की अंगावर काटा आला. सवयीने शेजारी वळून 'बघितलंत?' म्हणालो, तर पिशवी. त्यानंतरची गाणी चांगलीच झाली असणार, पण माझं लक्ष उडालं.

आता मंगळवारचं. (तुम्ही लोकांना भाचा डॉक्टर आहे म्हणून सांगता ते कृपया थांबवा. मी श्रवणयंत्रांसाठी कानांचे साचे घेतो, परवा तुमच्या एका मित्राने मला गुडघा दाखवला.) काउंटरवरच्या बाईंनी मला म्हणे तीन हाका मारल्या. एकही पोचली नाही, मी कामात असलो की असाच असतो. शेवटी त्या आत येऊन ओरडल्या. बाहेर टोपीतले एक गृहस्थ मॅनेजरच्या नावाने नंबर लावून रांगेत तिसरे बसले होते. टोपी काढली आणि मामा, ते केस. स्टेजवर गाताना कानात बसवतात ती यंत्रं सैल झाली होती आणि नवे साचे हवे होते. बावीस वर्षं ज्याच्या मागे गावोगाव फिरलो तो स्वतःच्या पायांनी आला, आणि मी काय म्हणालो असेन? 'मान जरा डावीकडे.'

काम असं असतं. कानात दोरा बांधलेला बोळा सारायचा, पिचकारीने मऊ लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं. गाणाऱ्यांचं माप तोंड उघडं ठेवून घेतात, म्हणून दातांत ठोकळा द्यावा लागतो. म्हणजे ज्याचा आवाज ऐकायला आयुष्यभर बस पकडली, त्याची बोलती मीच बंद केली. पण त्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर माझी भीड चेपली. समोर स्टूल ओढून बसलो आणि बोलत सुटलो. वर्षानुवर्षं पाठ केलेली स्तुती अर्ध्या मिनिटात संपली. उरलेला सगळा वेळ, मामा, तुमच्यावर गेला. माझे मामा असे आणि तसे, त्यांनीच मला तुमच्यापाशी आणलं, आता तेच येईनात, उलट तुम्हीच पुटपुटता असा आळ घेतात, आणि ते शेजारी नसले की मला तुमचं गाणं अर्धंच वाटतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बुवा एकटक बघत होते. मला वाटलं लगदा टोचत असेल.

साचे काढले (दोन्ही सुबक, एक बुडबुडा नाही). ठोकळा काढला. बुवा जबडा चोळत म्हणाले, "मामांना सांग, मीही आठ वर्षं हेच म्हणत होतो. सगळं जगच पुटपुटतंय."

मामा, तो माणूस ओठ वाचतो. एका कानाने त्याला जवळजवळ काही ऐकू येत नाही, आणि सुरात केसाचाही फरक नाही. मी पायाच पडणार होतो, पण कंबर. निघताना स्वतःच्या खिशातून दोन पास काढून दिले. पुढच्या शनिवारचे, नऊ तासांवरच्या त्याच शहरातले.

मामींना नमस्कार. कंबरेवर त्यांचा एखादा लेप असेल तर कळवावा.

आपला भाचा
(डॉक्टर नव्हे)

ता. क. एक पास पाकिटात आहे. शुक्रवारीच या आणि पाच मिनिटं माझ्या खुर्चीत बसा. ठोकळा लागणार नाही, तुम्ही गात नाही.

आणखी ता. क. हे सगळं मी तुम्हाला बुधवारी फोनवर सांगितलं होतं. तुम्ही 'हो हो, छान छान' म्हणालात आणि फोन मामींना दिलात. म्हणून पत्र.

शेवटचा ता. क. बाईंच्या त्या तीन हाका डोक्यातून जाईनात, म्हणून काल मी स्वतःचे कान तपासून घेतले. डावा निम्मा गेला आहे. स्पीकरला खेटून बसण्याचा हट्ट तुमचा होता, पण ऐकत मीही होतो. दुकानातलंच एक यंत्र माझ्यासाठी काढून खणात ठेवलंय. एकट्याने घालायची लाज वाटते, मामा. तुम्ही आलात की दोघं मिळून घालू.