वरचा आकडा

३ डिसेंबर, शनिवार

आज दुपारी पावणेचार वाजता मी अंगठ्याने एक आकडा झाकला. त्याआधीचा मी वेगळा होतो, नंतरचा वेगळा. इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःलाच थापा मारता येणार नाहीत.

वर शिवणखोलीत एका फाटक्या शिडाला ठिगळ चिकटवत होतो. दोन्ही हात काळ्या डिंकाने बरबटलेले. खालून कप्तानांची हाक आली, गिऱ्हाईक आहे म्हणून. कप्तान म्हणजे दुकानाचे मालक. जन्मात कशाचे कप्तान नव्हते, पण टोपी घालतात. उतरलो तर — ती! पाच महिन्यांनी. आणि तिच्यामागे चष्मा.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलाशी आता हा उभा राहतो. ती जागा माझी होती. मी कॉलेज सोडलं आणि आठवड्याच्या आत हा तिथे हजर.

येत्या शनिवारी बेटावर चाललेत. कॉलेजच्या नौका क्लबातले चौघं, दोन होड्या, दोन रात्री तंबूत. चष्म्याकडे थंडीचं काही म्हणजे काहीच नाही. ती म्हणाली, "यातलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. तूच दे याला काय ते." आणि दोरांच्या रिळांकडे गेली.

मी निळी स्लीपिंग बॅग काढली. पातळ, देखणी, मुठीत मावेल अशी. तिच्या टॅगवर तापमानाचे दोन आकडे. वरचा अधिक पाच — तिथवर माणूस निवांत झोपतो. खालचा उणे दहा — तिथवर माणूस मरत नाही, एवढंच. दुकानात पहिल्याच दिवशी कप्तानांनी बजावलं होतं: गिऱ्हाइकाला वरचा आकडा सांगायचा. खालचा विचारलाच, तर त्याचा अर्थही सांगायचा.

चष्म्याने विचारलं, उणे पाचला चालेल ना? तेवढ्यात ती परत आली आणि बोलता बोलता त्याच्या मफलरचं लोंबणारं टोक कोटात खोचून दिलं. बस. एवढंच झालं. मी टॅग त्याच्या नाकासमोर धरला — अंगठा वरच्या आकड्यावर.

"उणे दहापर्यंत आहे. वाच."

त्याने वाचलं. वर आभार मानले, हात मिळवला. त्याच्याही तळव्याला डिंक लागला. हसला.

ते गेल्यावर वर आलो आणि दार आपटलं. कप्तान खालून म्हणाले, त्या बिजागऱ्या माझ्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत, जरा मान ठेव.

४ डिसेंबर, रविवार

उणे दहा हे खोटं नाही. छापलेलंच आहे.

५ डिसेंबर, सोमवार

माझी स्वतःची स्लीपिंग बॅग खुंटीवर टांगलेली असते. पिसांची आहे. निवांत झोपेचा आकडा उणे आठ. पिसांची वस्तू पिशवीत कोंबून ठेवली की पिसं चेपतात आणि मग ऊब धरत नाहीत. म्हणून वर्षभर मोकळी टांगायची, निघताना कोंबायची. आईला वाटायचं, मी कोपऱ्यात माणूसच टांगलाय. वजन वाचवायला मी ब्रशची दांडी निम्मी कापली, चमच्याची दांडी कापली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजे तोलले — दोन्ही पायांच्या मोज्यांत चार ग्रॅमचा फरक निघाला! बाबा तेव्हा बोलायचे माझ्याशी. म्हणाले होते, डोक्यातलं वजन कमी कर आधी.

हे वेड तिनेच लावलं. पहिल्या वर्षी क्लबाच्या होडीत तिने शिडाचा दोर माझ्या हातात दिला. मी तो तिथल्या कडीला बांधायला गेलो, तर मनगटावर फटका! हा दोर बांधायचा नसतो, हातात धरायचा. वाऱ्याचा झोत आला की सोडता आला पाहिजे. त्या दिवसापासून मी कामातून गेलोच.

कॉलेज कसं सुटलं ते आज आठवतंय. सर वर्गात म्हणाले, होड्या खेळायच्या तर इथे कशाला येता? मी उठलो. दार आपटलं. काच गेली. दुसऱ्या दिवशी माफी मागितली असती तर संपलं असतं. ती म्हणाली होती, दोन वाक्यं आहेत रे फक्त. मला ती जमली नाहीत. आणि हेही सांगायला जमलं नाही, की सरांवर एवढा भडकलो ते ती शेजारी बसली होती म्हणून.

६ डिसेंबर, मंगळवार

ताई डबा घेऊन आली. कॉलेज सुटल्यावर घर सोडून इथे वर राहायला आलो, तेव्हापासून घरून तीच येते. दवाखान्यातून थेट, नर्सचे पांढरे बूट तसेच पायात. बाबांचं काय, विचारलं. म्हणाली, रोज विचारतात, जेवला का तो? पण मला विचारतात, तुला नाही.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं. उणे पाच-सात, पातळ पांघरूण, रात्रभर. काय होतं माणसाचं?

ताईने पोळी खाली ठेवली. आधी कुडकुडतो, म्हणाली. कुडकुडतोय तोवर ठीक. मग कुडकुडणं थांबतं, जीभ जड होते, आणि त्याला वाटतं की आता बरं वाटतंय. तिथून वाईट.

"कुणाला मारायचं ठरवलंयस?"

मी म्हणालो, गिऱ्हाईक विचारत होतं. जाताना दार तिनेच लावलं. म्हणाली, तू लावलंस तर माझी बोटं जातील.

७ डिसेंबर, बुधवार

वेधशाळेचा अंदाज: शनिवारी रात्री उणे दोन. रविवारी रात्री उणे सात, वारा उत्तरेचा.

काहीच शिवून झालं नाही. सुई तीनदा मोडली.

८ डिसेंबर, गुरुवार

ठरवलं — बदलून देतो. कारण सांगायची गरजच काय? "हिच्यापेक्षा चांगली आलीय" म्हणायचं, निळी परत घ्यायची, मोकळं व्हायचं. दुकानातल्या जाड सगळ्या भाड्याने गेलेल्या. म्हणून माझीच पिसांची खुंटीवरून काढली आणि होस्टेलवर गेलो. कॉलेजच्या फाटकातून पाच महिन्यांत पहिल्यांदा आत. फुटलेल्या काचेच्या जागी नवी बसवलीय, बाकीच्यांपेक्षा स्वच्छ.

चष्मा खोलीत होता. खुर्ची एकच, ती मला दिली, स्वतः खाटेवर. चहा केला. मला त्याचा राग धरून ठेवायचा होता, पण त्याने चहात साखर किती विचारली, ढवळला, आणि चमचा चाटला! अशा माणसावर किती वेळ रागावणार.

मग टेबलाखालून एक गठ्ठा काढला. प्रयोगांच्या वह्यांच्या झेरॉक्स. पाच महिन्यांच्या, सगळ्या विषयांच्या. म्हणाला, ती म्हणते तू परत येशील, मग तुझं मागे पडायला नको. अक्षर वाईट आहे माझं, सांभाळून घे.

कसंबसं विचारलं — ती निळी कुठाय?

"ती तिने घेतली. मला तिची जुनी जाड दिली. मला छातीचं दुखणं आहे ना, म्हणाली तुला ऊब जास्त हवी. आणि निळी तू निवडून दिलीस म्हटल्यावर प्रश्नच नाही."

पिसांची बॅग कुशीत धरून उठलो. तो विचारतोय, ही कशाला आणली होतीस? मी म्हणालो, धुवायला टाकायचीय. स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

वह्यांचा गठ्ठा मात्र त्याने हातात कोंबलाच.

१० डिसेंबर, शनिवार

सकाळी सातला धक्क्यावर. पाण्यावर वाफ. दोन्ही होड्यांची शिडं अजून गुंडाळलेली. ती तळाशी सामान बसवत होती — जड ते मध्ये, भिजू नये ते रबरी पिशवीत. निळी मला लगेच दिसली.

पिसांची पुढे केली. ही घे, म्हणालो. ती म्हणाली, आहे की माझ्याकडे. जागा नाही आता.

"बरं, काही राहिलंय का?"

मी म्हणालो, नाही.

तिने दोर मोकळा केला. दुसऱ्या होडीतले दोघं पुढे गेलेले. चष्मा सुकाणूशी अवघडून बसला होता, गाठोड्यासारखा. तिने परत विचारलं, काही राहिलंय का? मी तिच्या सामानाकडे बघितलं, मोजल्यासारखं केलं, मान हलवली. होडी धक्क्यापासून हातभर सुटली. तिसऱ्यांदा — आता जरा मोठ्याने, कारण वारा होता — "नक्की काही राहिलं नाही ना?"

सांगायचं एवढंच होतं, की मी खोटं बोललो. तीन शब्द. तिथे कप्तान होते, क्लबाचा रखवालदार होता, चष्मा होता.

"नाही," म्हणालो. शीड भरलं. गेले.

११ डिसेंबर, रविवार, सकाळ

अंदाज बदलला. उणे नऊ.

खाली जाऊन कप्तानांना सगळं सांगितलं. अंगठ्यापासून. उभ्यानेच, एका दमात. वाटलं होतं हाकलतील. त्यांनी टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. कप्तानांना टक्कल आहे हे मला आज कळलं.

मग म्हणाले, या दुकानातून एवढ्या वर्षांत तसा आकडा कुणाला सांगितला गेला नव्हता. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"माझी छोटी होडी घे. चारच्या आत परत. अंधारात पाण्यावर दिसलास तर उद्यापासून येऊ नकोस."

तोच दिवस, संध्याकाळ

परत आलो. चारला दहा कमी. बोटं सुजलीत, अक्षर असं येतंय.

जाताना वारा तोंडावर. सरळ जाताच येत नव्हतं, डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, असं वाकडंतिकडं चढत जायचं. हातमोजे विसरलो. मी! मोजे तोलणारा! दोर बोटांतून निसटायला लागला तेव्हा एकदा वाटलं, बांधून टाकावा कडीला. नाही बांधला. पुढच्याच झोताला होडी इतकी कलली की पाणी मांडीवर आलं. दोर सोडला. सरळ झाली.

बेटावर पोचलो तर ती तंबूचे खिळे परत ठोकत होती. चष्मा लांब, दगडांच्या आडोशाला स्टोव्हवर पाणी उकळवत होता. मी होडी ओढून घेतली, पिसांची बॅग तिच्या पायाशी ठेवली आणि बोललो. तिच्याकडे न बघता, खिळ्यांकडे बघत. मफलरचंही सांगितलं. का झाकला ते सांगितलं. म्हणजे तेही सांगितलं, जे दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

तिने ऐकून घेतलं. मग खिशातून टॅग काढला. निळीचा. त्यावर काळा, सुकलेला डिंक. अंगठा — रेषांसकट माझा — बरोब्बर वरच्या आकड्यावर.

"त्याच दिवशी घरी जाऊन वाचला. म्हणून मी घेतली ती."

काल रात्री तिने दोन स्वेटर, होडीवरचं जाकीट, लोकरीची टोपी घातली, गरम पाण्याची बाटली पायाशी घेतली. मला विचारायचंस तरी, म्हणालो. म्हणाली, तीनदा विचारलं.

धक्क्यावर! काही राहिलंय का, काही राहिलंय का, काही राहिलंय का.

ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. म्हणाली, आलास हे बरं केलंस. पिसांची उचलून तंबूत ठेवली. आणि ते दुसरं — जे सांगितलं — त्यावर इतकंच म्हणाली, की ते तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं, आणि तिच्या मनात तसं नाही. चष्म्याबद्दलही नाही. कुणाबद्दलच नाही सध्या. मग टॅग माझ्या ओल्या तळहातावर ठेवला.

"मला सांगून काय उपयोग? कुडकुडणार होता तो. त्याला सांग."

तेवढ्यात चष्मा आला. दोन्ही हातांत एकेक कप. मला होडीत येताना लांबून बघितलं म्हणे, म्हणून पाणी वाढवलं. कप माझ्या हातात दिला, माझी बोटं बघितली, आणि स्वतःचे हातमोजे काढून मला घातले. एकेक बोट सरळ करून.

तोंड उघडलं. त्याला सांगायचं सोडून कप तोंडाला लावला. परत निघालो तेव्हा वारा पाठीशी होता, होडी आपोआप पळत होती, आणि माझ्या हातात त्याचे मोजे.

१२ डिसेंबर, सोमवार

रात्री उणे नऊ झालं. सकाळपासून खिडकीशी. साडेदहाला दोन शिडं दिसली. दोन्ही.

आता खाली दुकानात चष्म्याचा आवाज येतोय. माझी पिसांची परत द्यायला आलाय. कप्तानांना सांगतोय, कोंबून नाही आणली, खांद्यावर टाकून आणली, पिसं चेपतात ना. हातमोजे माझ्या डाव्या खिशात, टॅग उजव्या. ती दोन वाक्यं आज सरांकडे नाही, खाली म्हणायचीत. नंतर जमलं तर सरांकडेही.

निघतो. दार हळू लावतोय.