आठ औट किती?

३ जून, मंगळवार

दगड की भट्टी! घरात आज दोन पक्ष पडले.

नातीला, म्हणजे आमच्या खडीला, सरकारी विद्यापीठात भूगर्भशास्त्राला जायचंय. (लहानपणी फ्रॉकच्या खिशात दगड भरून आणायची, तेव्हापासून खडी. खिसे फाटले, नाव टिकलं.) आणि चिरंजीवांना बेकरीत नवी भट्टी हवीय. जुन्या भट्टीचं दार दोरीने बांधलेलं असतं. गाठीशी आहेत तीन लाख. भट्टी बरोबर तीन लाखांची. पदवी केवढ्याची, ते कुणालाच धड ठाऊक नाही.

चिरंजीव पीठ मळता मळता म्हणाले, "दगडच शिकायचेत ना? मग कालचे पाव घे म्हणावं."

"दगडांना थर असतात, बाबा," खडी म्हणाली. "तुमच्या पावांना तेही नाहीत."

सूनबाई गल्ल्यावर बसल्या बसल्या हसल्या. चिरंजीव नाही हसले. शेवटी माझ्याकडे वळले. हात कोपरापर्यंत पिठात. "नाना, हिशेब तुम्ही काढा. खर्च किती, आणि पदवीवाले पुढे कमावतात किती. भट्टी चार वर्षांत वसूल होते. पदवी त्याच्या आत वसूल झाली, आणि खर्च तीन लाखांच्या आत बसला, तर जाऊ दे तिला. नाहीतर भट्टी. अर्ज सोळा तारखेपर्यंत आहेत."

मी! चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारलेला माणूस. पण या घरात माझ्या तोंडी हिशेबाला मान आहे. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात. (पुन्हा दगड!)

४ जून, बुधवार

विद्यापीठात जाऊन आलो. काय ती झाडं! काय ते लांबलचक व्हरांडे! एका वर्गात कुणीतरी कविता शिकवत होतं. शब्द ऐकू येत नव्हते, नुसती चाल येत होती. खांबाला टेकून उभा राहिलो. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवली, तिचं चित्र आठवलं, चित्रात नदी निळी नसून जांभळी छापली होती तेही आठवलं. शिपायाने विचारलं, "बसायला खुर्ची आणू का?"

खिडकीतल्या बाईंना म्हटलं, पूर्ण पदवीचा खर्च सांगा.

"कुणासाठी? तुमच्यासाठी? वयाची अट नाही हो आता."

"नातीसाठी!"

"असं होय." जरा हिरमुसल्याच. कागदावर लिहून दिलं: फी, वसतिगृह, जेवण, सगळं धरून वर्षाला ऐंशी हजार. अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा. शेवटचं अर्धं वर्ष डोंगरात दगड फोडत.

गंमत म्हणजे माझ्या वेळीही साडेतीनच वर्षं होती. आणि वर्षाला आठशे लागायचे. दोन शून्यं वाढली, बाकी व्हरांडे तेच.

५ जून, गुरुवार

काल घरी व्हरांड्यांचं वर्णन करत होतो तर सूनबाई म्हणाल्या, "नाना, आता दीडशेची गोष्ट येणार का? मग मी दूध तापवून येते."

आली की नाही आली! मलाच थांबवेना. — वडिलांनी डब्यात तीन हजार साठवले होते. मला साहित्य शिकायचं होतं. ओट्यावर बसून वडिलांनी हिशेब केला. दीडशे कमी पडले. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात चिकटलो. झालं. एवढीच गोष्ट. ही असताना म्हणायची, "तुमचे ते दीडशे मी देते, पण आता पुरे करा!"

६ जून, शुक्रवार

कमाईची पाहणी सुरू. पाच पदवीवाले, पाच बिनपदवीवाले. नवी वही घेतली.

सलूनवाला तत्त्वज्ञानाचा पदवीधर आहे. विचारलं, महिन्याला मिळतं किती? कात्री थांबली. "नाना, आधी मिळणं म्हणजे काय, ते ठरवू." मिळणं म्हणजे काय ते ठरेपर्यंत माझी डावी मिशी उजवीच्या निम्मी झाली होती. आकडा काही मिळाला नाही. शेवटी बाहेरच्या बाकावर बसून दुपारभर गिऱ्हाइकं मोजली.

७ जून, शनिवार

दाताचा डॉक्टर. नुसतं विचारायला आलोय म्हटल्यावर आत सोडेनात. म्हणून दात दाखवला. मग तोंडात दोन हात आणि एक आरसा असताना विचारायची वेळ आली.

"आ-ई-आ-आ ई-ई इ-अ-ओ?"

"दुखतंय? मग काढूनच टाकू."

काढला! बिल हातात पडल्यावर त्याची महिन्याची कमाई मला आपोआप कळली. वहीत मांडली. एका आकड्यासाठी एक दात, हा दर परवडणारा नाही.

८ जून, रविवार

नळवाला शाळेतूनच बाहेर पडलेला. "महिन्याला किती मिळतात?"

"कुठल्या महिन्यात? पाइप फुटतात त्या, की मी फोडतो त्या?"

दोन्ही लिहून घेतले.

९ जून, सोमवार

सरासरी काढली आणि चक्रावलो. दाताचा डॉक्टर धरला तर पदवीधर म्हणजे कुबेर. तो वगळला तर नळवाला कुबेर. एक माणूस आत-बाहेर केला की उच्च शिक्षणाचं मोल इकडचं तिकडे!

खडीने वही ओढून घेतली. "सरासरी नको, आजोबा. सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं करा आणि मधला माणूस धरा."

किती गोड कल्पना! मी डोळे मिटून सगळ्यांना शाळेच्या पटांगणात रांगेत उभं केलं. पदवीवाल्यांत मधोमध आल्या पोस्टातल्या बाई, महिना एकोणतीस हजार. बिनपदवीत आला कोपऱ्यावरचा शिंपी, बावीस हजार. फरक सात हजार. दाताचा डॉक्टर टोकाला उभा राहून हात वर करत होता. त्याच्याकडे मुळीच पाहिलं नाही.

१० जून, मंगळवार

चिरंजीवांनी खुसपट काढलं. साडेतीन वर्षं खडी बेकरीत नसणार, मग तिचा तेवढा पगारही खर्चात धरायला हवा.

सूनबाईंनी गल्ल्यावरून मान न वळवता विचारलं, "तिला पगार कधी दिलात?"

चिरंजीवांनी पिठाचा गोळा दोनदा आपटला.

"... शून्य धरा, नाना."

धरलं. उद्या गुणाकार.

११ जून, बुधवार

आज सगळ्यांसमोर हिशेब मांडला. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. आमचे मास्तर ती नुसत्या उत्तरांची म्हणून घ्यायचे. आकडा बोटांवर धरायचा, उत्तर चालीत म्हणायचं. कविताही तेच शिकवायचे, त्यामुळे पाढ्यालाही नदीच्या कवितेचीच चाल होती. वडीलही त्यांच्याच हाताखालचे. आमच्या घरात दोन पिढ्या एकाच चालीत गुणाकार करत आल्यात.

उभा राहिलो. दोन्ही हात पुढे धरले. म्हटलं —

साडेतीन, सात, साडेदहा, चौदा,
साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस —
साडेएकतीस हो, साडेएकतीस, पस्तीस!

वा! एकही अडखळ नाही. एक दात कमी असूनही! ऐंशी हजारांसाठी आठवं बोट धरलं: साडेएकतीस. म्हणजे तीन लाख पंधरा हजार. महिना सात हजारांच्या फरकाने पंचेचाळीस महिन्यांत वसूल. पावणेचार वर्षं. भट्टीला चार लागतात. दगड जिंकले!

खडीने टाळ्या वाजवल्या. मग थांबली.

चिरंजीव पिठाकडे बघत म्हणाले, "वसूल होतात, कबूल. पण आहेत तीनच लाख. पंधरा हजार कमी पडतात, नाना. कर्ज मी काढणार नाही. ठरलं होतं ना आपलं?"

ठरलं होतं. खडी पावांचे ट्रे उचलून आत गेली.

१२ जून, गुरुवार

पंधरा हजार कमी. आणि ते आणलेत मी. माझ्याच तोंडाने, चालीत.

आज नदीची कविताही आठवत नाही.

१३ जून, शुक्रवार

खडी सकाळी फोन घेऊन आली. "आजोबा, फोन म्हणतो दोन लाख ऐंशी हजार."

"फोनला औटकी कुणी शिकवली?"

चिरंजीव म्हणाले, "नानांचा पाढा आणि चुकेल?" सूनबाई म्हणाल्या, "याच फोनने आपल्याला रस्ता दाखवत दाखवत तळ्यात नेलं होतं." फोन एकमताने हरला.

खडी मात्र माझ्या डोळ्यांत बघत राहिली. "म्हणून दाखवा ना परत." मी म्हटली. तिने मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं. दिवसभर गल्ल्यामागून माझाच आवाज येत होता. साडेएकतीस हो, साडेएकतीस. गिऱ्हाइकांना वाटलं बिस्किटांचा भाव आहे.

१४ जून, शनिवार

आज जे घडलं ते कसं लिहू!

खडीने मोठा ट्रे घेतला आणि त्यात बिस्किटांच्या रांगा लावल्या. एका रांगेत तीन पूर्ण, एक अर्धं. अशा आठ रांगा. अर्धी करताना चुरा पडला तो मी उचलून खात होतो, तर हातावर चापट. "पुरावा खाऊ नका!"

मोजली. अठ्ठावीस.

पुन्हा मोजली. चिरंजीवांनी पिठाच्या हाताने मोजली. सूनबाईंनी गल्ला उघडा टाकून मोजली (गल्ला उघडा! बावीस वर्षांत प्रथमच). अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस.

"मग अठ्ठावीस गेले कुठे, आजोबा? तुमच्या पाढ्यात हा आकडाच नाही. साडेएकतीस दोनदा आहे."

मी खाली बसलो, मैद्याच्या पोत्यावर. डोळे मिटले. आमचा वर्ग आला समोर. मास्तर तपकीर ओढायचे. सातव्या बोटाशी चिमूट नाकाला लागायची. आठव्याला — आक्छी! अख्खा वर्ग थांबायचा. मास्तर नाक पुसून पुढचं उत्तर सांगायचे, साडेएकतीस, आणि आम्ही त्यांच्यामागून म्हणायचो, साडेएकतीस. आठव्या बोटावर मास्तरांचं, नवव्यावर आमचं. अठ्ठावीस रोज शिंकेतच गेले!

आणि मी? मला ते धृपद वाटायचं. इतकं सुंदर धृपद कुठल्याच पाढ्याला नव्हतं. एक 'हो' पण मी माझ्या मनाने घातला.

सांगितलं तर चिरंजीव इतके हसले, इतके हसले, की भट्टीच्या दाराची दोरी धरून उभे राहिले, आणि दोरी तुटली. दार निखळून खाली. पाव बसले सगळे. मग तर काय, चौघंही जमिनीवर.

शेवटी पुरावा खाल्ला. अठ्ठाविसावं चिरंजीवांनी खडीच्या तोंडात घातलं. म्हणाले, "जा. दगड फोड. वीस हजार उरतात, त्यांत दाराला बिजागरी बसवतो."

१५ जून, रविवार

अर्ज भरला. खडीचं अक्षर फार किरटं, म्हणून नाव मी लिहून दिलं. अर्जाची फी दोनशे. उद्या शेवटची तारीख, उद्या ती जाऊन देणार. "आजोबा, तुम्हीही चला, व्हरांडे बघायला."

दिवसभर नवी औटकी घोकतोय. चाल मोडते. आठव्याला जीभ अडखळतेच.

१६ जून, सोमवार

सकाळी दाढी करता करता जमली एकदाची. साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस.

हात थांबला.

आठशे. साडेतीन वर्षं. ओट्यावर वडील. ते म्हणाले होते, "म्हण रे औटकी." मीच म्हटली. त्यांनी चालीवर मान डोलावली होती.

अठ्ठावीसशे! डब्यात तीन हजार होते. दीडशे कमी नव्हतेच. दोनशे उरत होते.

मास्तर, एक शिंक केवढ्याला पडली हो!

खालून खडी हाका मारतेय. एका गालाचा साबण तसाच पुसला. खिशात दोनशे घेतलेत. त्या खिडकीतल्या बाई आज असल्या म्हणजे झालं.